पाहुण्यांनी सोबत आणलेला सुका कचरा परत न्यावा का?

धागाकर्ती (यजमान, गुहागर तालुका)
समुद्रालगतच्या आमच्या वाडीत चार खोल्यांचे न्याहारी-निवास आम्ही नऊ वर्षे चालवतो. येत्या दिवाळीपासून एक नियम करावा असे मनात आहे: पाहुण्यांनी सोबत आणलेल्या बाटल्या, पाकिटे आणि डायपर त्यांनी जाताना घेऊन जावे. आमच्या स्वयंपाकघरातील खरकटे, माशांचे काटे, करवंट्या यांची जबाबदारी आमचीच आहे.

गेल्या मे महिन्यात एका कुटुंबाने खोली सोडली तेव्हा दाराआड गाठ मारलेली एकच काळी पिशवी होती. खळ्यात जुने वर्तमानपत्र पसरून मी ती सोडली. आत सुरमईचे काटे, वेफर्सची पाकिटे, दोन ओले डायपर आणि पाण्याच्या अकरा बाटल्या होत्या. त्यांतल्या तीन बाटल्यांत सिगारेटची थोटके कोंबलेली होती. ती पिशवी निवडायला मला पाऊण तास लागला.

आमच्याकडे घंटागाडी येत नाही. भंगारवाला पंधरवड्याने येतो, बाटल्या, पुठ्ठा, पत्रा नेतो. मात्र वेफर्सच्या पाकिटांत प्लास्टिकला धातूचा थर चिकटलेला असल्यामुळे त्यांना गिऱ्हाईक मिळत नाही आणि तो त्यांना हात लावत नाही. जाळावीत, तर उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्येच बंदी घालून 5,000 रुपये दंड ठरवला आहे, आणि दंड नसता तरी तो धूर आमच्याच घरात शिरतो. पुरावीत, तर जांभा दगड सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात तुडुंब भरलेल्या खड्ड्यातले पाणी उताराखालच्या विहिरीकडे झिरपते.

प्रतिसाद 1 (पुण्याचा प्रवासी)
आपला त्रास खरा आहे, तरीही हा नियम मला मान्य नाही. खोलीचे भाडे घेणाऱ्याने चादर धुणे जसे गृहीत धरले आहे, तसा कचराही गृहीत धरला पाहिजे. सहा-सात तासांच्या घाटरस्त्याच्या प्रवासात लहान मूल आणि वापरलेले डायपर एकाच गाडीत ठेवणे कोणत्या आईला जमेल? दुसरे असे की शहरात नेलेला कचरा नाहीसा होत नाही. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी मारला गेला आणि तिथल्या ग्रामस्थांना त्याविरुद्ध वारंवार आंदोलने करावी लागली. तुमचे गाव वाचवण्यासाठी दुसऱ्या गावावर भार टाकणे हा न्याय नव्हे.

प्रतिसाद 2 (धागाकर्ती)
फुरसुंगीचा मुद्दा मला लागला. तो मी विचारात घेतला नव्हता. पण तुमच्या दारात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक ताई येतात, सुके वेगळे घेतात आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढला तर तोही ओळखून बाजूला ठेवतात. माझ्या दारात कोणीच येत नाही. जिथे माल विकत घेतला, तिथे तो निवडणारे हात आहेत, एवढेच माझे म्हणणे आहे. डायपरबाबत मात्र तुमचे ऐकते. तो नियमातून वगळते.

प्रतिसाद 3 (दापोलीकडील यजमान)
ताई, मी आपल्याच व्यवसायातला असूनही या नियमाच्या विरोधात आहे. नियम केला की पिशवी खोलीत राहत नाही, ती घाटातल्या वळणावर किंवा पुळणीवरच्या सुरूच्या बनात पडते. आमच्याकडे एका हंगामात मी हे पाहिले आहे. घनकचरा नियमांनी कचरा करणाऱ्याकडे वर्गीकरणाची जबाबदारी दिली आहे, परत वाहून नेण्याची नाही. तेवढे काम पाहुण्यांकडून जरूर घ्यावे. मी खोलीत ‘ओला’, ‘सुका’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या झाकणाच्या दोन बादल्या ठेवतो आणि पाहुणे आल्याबरोबर, चहा देताना, स्वतः दाखवतो. छापील सूचनेपेक्षा हे तोंडी सांगणे अधिक लागू पडते. पाण्याच्या बाटल्या तर आम्हीच थांबवल्या: उकळून गार केलेल्या पाण्याची कळशी आणि तांब्या खोलीत ठेवला की बाटल्यांची गरज बरीच कमी होते.

प्रतिसाद 4 (पुण्याचा प्रवासी)
कळशीची कल्पना मला पटली, आणि वर्गीकरण करायला माझी कधीच ना नव्हती. भाड्यात खोलीमागे 50 रुपये कचऱ्यासाठी उघडपणे लावले तर मी आनंदाने देईन. मात्र त्या पैशांतून काय होते, हे पाहुण्याला दिसले पाहिजे.

प्रतिसाद 5 (धागाकर्ती)
पन्नास रुपयांनी माझ्या एकटीच्या घरचे पोते कुठेही पोहोचणार नाही. वाडीतल्या सर्व यजमानांनी पैसे एकत्र केले, तर महिन्यातून एकदा चिपळूणला टेम्पो पाठवता येईल, आणि ग्रामपंचायतीने पोती ठेवायला पत्र्याची एक शेड दिली तर पावसाळाही निभेल. येत्या ग्रामसभेत मी हा विषय मांडते. तोवर वेफर्सच्या पाकिटांपुरती तरी माझी विनंती कायम राहील: ती घडी घालून बॅगेच्या कप्प्यात ठेवावीत आणि घरी न्यावीत, ती ओली नसतात, त्यांना वास येत नाही आणि माझ्याकडे त्यांच्यासाठी आज खरोखरच जागा नाही.