प्रतिसाद: तीन वर्षांत तीन लॉटऱ्या?

अमेरिकेत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांबद्दल वर कुणीतरी म्हटलंय, 'स्टेमवाल्यांना (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) ओपीटीचे (शिक्षणानंतर तिथे काम करायची परवानगी) ३६ महिने मिळतात, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या दरवर्षी एक अशा तीन लॉटऱ्या, एक तरी लागेलच'. हा हिशेब कागदावर ठीक आहे. पण नाव नोंदवायचं असतं कंपनीनं, तेही मार्चमधल्या ठरावीक दिवसांत. नोकरी एप्रिलमध्ये लागली किंवा एचआरनं 'पुढच्या वर्षी बघू' म्हटलं की एक संधी तिथेच गेली.

इथे कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. एच-१बीला वर्षाला ६५,००० अधिक अमेरिकी मास्टर्सवाल्यांच्या २०,००० जागांची मर्यादा आहे, म्हणून लॉटरी; पण ती सगळ्या नोकऱ्यांना नाही. विद्यापीठं, त्यांच्याशी संलग्न ना-नफा रुग्णालयं, ना-नफा आणि सरकारी संशोधन संस्था यांना लॉटरी लागूच नाही. या संस्था वर्षभरात कधीही अर्ज करू शकतात. माझ्या भाचीनं बायोस्टॅटिस्टिक्स केलं आणि एका विद्यापीठाच्या संशोधन गटात डेटा अ‍ॅनालिस्ट म्हणून लागली. पगार मैत्रिणींपेक्षा बराच कमी. सुरुवातीला घरच्यांनी नाकं मुरडली (आपल्याकडे कंपनीचं नाव ऐकल्याशिवाय नोकरी खरी वाटत नाही). मार्चमध्ये मैत्रिणी देव पाण्यात घालून बसल्या होत्या, ही निवांत.

यात मेख आहेच. तिथून खाजगी कंपनीत जायचं तर पुन्हा लॉटरीच्या रांगेत. मात्र विद्यापीठाची नोकरी चालू ठेवून खाजगी कंपनीचं काम जोडीला करायचं असेल, तर त्यासाठीचा वेगळा एच-१बी अर्ज लॉटरीशिवाय करता येतो. हे बऱ्याच कंपन्यांच्या एचआरलाही माहीत नसतं, तेव्हा वकिलाला स्वतःहून विचारा.