पोलार्ड हेड कोच होता की नव्हता?

शिकागोकर: परवाच्या अमेरिकन फुटबॉलच्या धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलंय, ‘फ्रिट्झ पोलार्ड नावापुरता कोच. १९२१ मध्ये ओहायोच्या ॲक्रन प्रोज संघाला एल्गी टोबिनही कोच होताच, मग पहिला कृष्णवर्णीय हेड कोच कसला? २००५ चं हॉल ऑफ फेम म्हणजे उशिरा सुचलेली दया.’ डोकं फिरलं वाचून. अहो, १९२० मध्ये ॲक्रन प्रोज एकही सामना हरले नाहीत. ८ विजय, ३ बरोबरी. चेंडू घेऊन पळणारा हुकमी एक्का हाच. गडी कपडे बदलायचा कुठे, तर मालकाच्या सिगार कारखान्यात. मैदानात पडला की उताणा होऊन पाय झाडायचा, बाकीच्यांनी अंगावर उड्या घालू नयेत म्हणून. ही दया?

आकडेमोड: ते मीच लिहिलंय. खेळाडू भारी होता, कोण नाही म्हणतंय? पण दोन कोच असतील तर ‘हेड’ कोण? आणि ते अजिंक्यपद! शेवटचा सामना डेकेटर स्टेलीजशी ०-०. विजेते ठरले ते पुढच्या एप्रिलात, बैठकीत मतं टाकून.

निवृत्त मास्तर: मी चार वर्षं ‘प्रभारी’ मुख्याध्यापक होतो. वेळापत्रक माझं, पोषण आहाराचा हिशेब माझा, पालकांच्या शिव्याही मलाच. ऑफिसातल्या फलकावर माझं नाव नाही. कागदावर कोण होतं हे मला शिकवू नका.

आकडेमोड: सर, तुमच्या शाळेचा ओहायोशी काय संबंध?

शिकागोकर: ०-० वरून आठवलं, त्या स्टेलीजचा, म्हणजे पुढच्या शिकागो बेअर्सचा, सूत्रधार जॉर्ज हॅलास. १९३४ ते १९४५ एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नाही, आणि त्यासाठी पोलार्डचा रोख हॅलासवरच होता.

बेअर्सवेडी: हॅलासनं साफ नाकारलं होतं ते! वॉशिंग्टन संघाचा मालक मार्शल दिसत नाही का? कृष्णवर्णीय खेळाडू घ्यायला १९६२ उजाडलं त्याला. वीस वर्षं सोल्जर फील्डवर कुडकुडत मॅच बघतेय मी, आमच्या पापा बेअरबद्दल, हॅलासबद्दल, नीट बोला.

शिकागोकर: मार्शल नालायक म्हणून हॅलास संत? त्या बारा वर्षांत बेअर्सनी कुणाला घेतलं, सांगा की.

बेअर्सवेडी: त्या काळात कुणीच घेत नव्हतं.

शिकागोकर: मी वेगळं काय म्हणतोय, ताई?

आकडेमोड: विषयावर या. एक मान्य, पुढचा कृष्णवर्णीय हेड कोच आर्ट शेल, तोही थेट १९८९ मध्ये. पोलार्ड १९८६ लाच गेला. हे मलाही खटकतं. घ्या, ‘पहिला’ तुमचा. ‘हेड’ मात्र देणार नाही.

निवृत्त मास्तर: मग ‘प्रभारी’ लिहा.