मुंबईची हवा: पत्रे लावून, रस्ते धुवून पीएम २.५ जाणार का?

माहुलकर:
काल इथे एकाने लिहिलं, "मुंबईचं प्रदूषण म्हणजे बांधकामाची धूळ, पत्रे लावा, रस्ते धुवा, विषय संपला." वाचून डोकंच फिरलं. अहो पीएम २.५ म्हणजे हवेतले अडीच मायक्रॉनहून बारीक कण, त्यातला बराच माल जमिनीवरून उडालेला नसतोच, तो हवेत तयार होतो. चिमणीतून सल्फर डायऑक्साइड, गाड्यांतून नायट्रोजनचे ऑक्साइड, वर गटारं, गोठे नि खताचा अमोनिया, आणि त्याचे होतात सल्फेट-नायट्रेटचे कण. टँकरच्या पाण्याने ते कसे धुणार? आमच्या खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवा, काळा चिकट थर येतो, साबणाशिवाय निघत नाही. रिफायनऱ्यांशेजारच्या आमच्या माहुलच्या हवेने लोकांच्या तब्येतीला धोका आहे हे एनजीटीने, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाने, २०१५ लाच सांगितलं, तरी नंतर पाण्याच्या पाइपलाइनवरच्या झोपड्या उठवून ती माणसं इथेच आणून टाकली.

साइटवाला:
ते पोस्ट माझंच. मी साइटवरच असतो, सिमेंट, खडी, ताडपत्री न घातलेले डंपर रोज बघतो. उंच इमारतींना ३५ फुटी पत्रे २०२३ ला पालिकेने उगाच सक्तीचे केले का? आणि धूळ म्हणजे निरुपद्रवी माती असं समजू नका, त्यात सिलिका असते, दगड कापणाऱ्या पोरांची छाती बघा एकदा.

भट्टीवाला:
तुमचं चालू द्या, पण मार खातो कोण? बेकरीवाला! जानेवारी २०२५ ला हायकोर्टाने सहा महिने दिले, लाकूड-कोळसा बंद करा म्हणे. मामाची बेकरी आहे, लादीपाव आजोबांपासून लाकडाच्या भट्टीवर, गल्लीत गॅसची लाइनच नाही. भट्टी बदलायचा खर्च कोण देणार? रिफायनरीला नाही सांगत सहा महिन्यांत बंद कर!

माहुलकर:
लाइन नाही हे चूकच. पण भट्टीत जळतं काय? जुन्या फर्निचरचा भंगार, रंग नि सनमायकासकट. जुन्या रंगात शिसं असतं, सनमायकात रेझिन.

भट्टीवाला:
सगळेच तसं करत नाहीत! स्वस्तात मिळतं म्हणून गरीब माणूस घेतो. एसीत बसून पाव खाताना नाही आठवत शिसं?

माहुलकर:
एसी? माहुलमध्ये? तोंड सांभाळून बोला.

लॅबवाली:
भांडण थांबवा जरा. मी हवेतले कण पकडणाऱ्या फिल्टरचंच काम करते. बांधकामाशेजारचा पीएम १० चा, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा फिल्टर भुरा-राखाडी येतो, हायवेजवळचा पीएम २.५ चा काळाकुट्ट, तो कार्बन. सिलिकॉन-कॅल्शियम जास्त आलं की माती-सिमेंट, पोटॅशियम वाढलं की लाकूड-पालापाचोळा, व्हॅनेडियम-निकेल दिसलं की जहाजांचं किंवा कारखान्याच्या भट्टीचं जड तेल, सोडियम तर समुद्रच देतो. म्हणजे दोघंही अर्धं बोलताय: पीएम १० मध्ये धूळ भरपूर, २.५ मध्ये जळण नि गॅसपासून झालेले कण जास्त. खरी अडचण एक्यूआयची, म्हणजे हवेच्या गुणवत्तेच्या आकड्याची, तो कणांचं फक्त वजन बघतो, आत काय आहे ते नाही. आणि कचरा कसा विसरलात? देवनारचं डम्पिंग ग्राउंड जानेवारी २०१६ ला पेटलं तेव्हा प्लास्टिकचा धूर अख्ख्या पूर्व उपनगराने गिळला.

साइटवाला:
बरं, पत्र्याने सल्फेट अडत नाही, घ्या, मान्य. पण सरकारचा एनकॅप, म्हणजे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम, २०१९ पासून मुख्यतः पीएम १० वरच मोजतोय, मग मी पीएम १० चं बोललो तर एवढा राग कशाला?

माहुलकर:
तेच तर दुखणं! पीएम १० वर मार्क मिळतात म्हणून रस्ते झाडायची मशीन येतात, फवारे येतात, चिमणीला कोणी हात लावत नाही. वार्षिक पीएम २.५ ची आपली मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, डब्ल्यूएचओची ५. एक्यूआयच्या बोर्डावर सल्फेट किती, कार्बन किती, धातू किती तेही लावा, वॉर्डाप्रमाणे. मग कळेल कुठे पत्रे लागतात नि कुठे चिमणीला धूर धुणारा स्क्रबर.

भट्टीवाला:
लावा की बोर्ड. पण मामाच्या वॉर्डात लाकूड जास्त निघालं तर आधी गॅसची लाइन आणा, मग नोटीस चिकटवा.

माहुलकर:
यात मी तुमच्या बाजूने. पण तोवर सनमायका जाळू नका.