मदत हवी आहे: चिठ्ठ्या कोणी आणि कशा काढायच्या?

नमस्कार मंडळी. फिजिओथेरपीच्या मास्टर्सचा प्रबंध करतेय. गुडघेदुखीच्या 60 रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीचे व्यायाम, निम्म्यांना त्यासोबत नवी टेपिंग (गुडघ्यावर चिकटपट्टी लावण्याची) पद्धत. गाईड म्हणतात, सोमवारी आलेले एका गटात, मंगळवारचे दुसऱ्यात. मला हे पटत नाही. आज कोणता गट हे आधीच ठाऊक असेल, तर जास्त दुखणाऱ्या आजींना मीच नकळत ‘उद्या या’ म्हणेन! 1948 च्या स्ट्रेप्टोमायसिन या क्षयरोगावरच्या औषधाच्या चाचणीतही बंद पाकिटं होती ती याचसाठी.

चारचे ब्लॉक करून (म्हणजे दर चार रुग्णांत प्रत्येक गटात दोघं, क्रम चिठ्ठीने) गटाच्या चिठ्ठ्यांची बंद पाकिटं बनवायचा विचार आहे. पण तिघांचे गट कळले की चौथा आपोआप कळतो. मग चार आणि सहाचे ब्लॉक मिसळू का? कोण कोणत्या गटात ही यादी विभागाबाहेरच्या कोणाकडे द्यावी? आमच्याकडे संख्याशास्त्रज्ञ आठवड्यातून एकदाच येतात, तेही घाईत.

दुसरं, टेप तर रुग्णाला दिसणारच. निदान वेदना मोजणाऱ्याला गट कळू नये म्हणून काय करता? टेप काढून मोजायचं म्हटलं तर त्वचेवर खुणा राहतात.

सीटीआरआयची (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतली) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीच हवी, त्यामुळे जरा घाई आहे. कोणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा ना.