मदत हवी आहे : खुनी आणि त्याचा कोवळा साथीदार, हे नातं समजून कसं घ्यायचं?

डीन कॉर्ल प्रकरणावर एक दीर्घ लेख लिहितेय आणि एका जागी पार अडकलेय. 1970 ते 1973 या काळात अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये कॉर्लने किमान 28 मुलं आणि तरुण मारले. त्याचे दोन्ही साथीदार किशोरवयीन होते.

डेव्हिड ब्रुक्स त्याला भेटला तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा. कॉर्लने त्याला पैसे दिले, आसरा दिला, पुढे कॉर्व्हेट गाडीही घेऊन दिली. त्याच काळात कॉर्ल त्याचं लैंगिक शोषणही करत होता. ब्रुक्सने मग वेन हेन्लीला आणलं. कॉर्लकडे आणून दिलेल्या एका मुलामागे 200 डॉलर, असं आमिष होतं. हेन्लीने स्वतःचे मित्रसुद्धा कॉर्लच्या घरी नेले, आणि हे मला अजून पचत नाही. शेवटी 8 ऑगस्ट 1973 ला सतरा वर्षांच्या हेन्लीनेच कॉर्लला गोळ्या घातल्या, स्वतः पोलिसांना फोन केला, पुरलेल्या जागा दाखवल्या. सहा खुनांसाठी त्याला जन्मठेप झाली.

माझी अडचण अशी की, ब्रुक्सला 'बळी' म्हटलं तर मेलेल्या मुलांवर अन्याय होतो, नुसतं 'गुन्हेगार' म्हटलं तर बारा वर्षांचं ते पोर नजरेआड होतं. बालमानसशास्त्र किंवा बालगुन्हेगारीत काम करणाऱ्यांनी कृपया सांगा : भीती, उपकार आणि लोभ यांतलं नेमकं काय अशा मुलाला बांधून ठेवतं? आणि 'ग्रूमिंग'ला (मुलाचा विश्वास जिंकून त्याला हळूहळू शोषणासाठी तयार करणं) चपखल मराठी शब्द आहे का? 'फूस लावणं' फारच तोकडं वाटतं.