मदत हवी आहे: गॅरेजमधलं मिठाचं पाणी
मंडळी, मिनेसोटा, कॅनडाकडच्यांना प्रश्न. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ गाडीखाली चिकटलेल्या बर्फासोबत गॅरेजात येतं, रात्रीत वितळतं आणि वाळलं की काँक्रीटवर पांढरे थर. आमच्याकडे ड्रेन नाही, उतारही नावापुरता. हे खारं पाणी मुरतं, गोठतं, वितळतं. दाराजवळ काँक्रीटचे पोपडे निघू लागलेत. सध्या वायपरने बाहेर ढकलतोय, पण उणे 20 मध्ये ड्राइव्हवेवर त्याचीच घसरगुंडी होते (त्यात सासूबाई येणार आहेत!).

उंच कडांची मॅट गाडीखाली कोणी वापरता का? भरल्यावर पाणी उपसता कसं, ओला-सुका व्हॅक्यूम पुरतो? आणि काँक्रीटवर सीलर (पाणी मुरू न देणारा लेप) लावायला उन्हाळ्याचीच वाट बघायची का? चकचकीत एपॉक्सीचा (रेझिनचा) थर मात्र नको, ओल्या बुटांनी पाय सटकतो.