'मोकळ्या मनाचा माणूस' नेमका ओळखायचा कसा?

निळीशाई:
व्यक्तिमत्त्व चाचण्यांमध्ये 'ओपननेस' नावाचा एक आकडा येतो. तो जास्त आला की माणूस मोकळ्या मनाचा, असं सरसकट धरलं जातं. पण आकडा भरपूर असलेली माणसंही मीटिंगमध्ये आपलाच हेका चालवताना दिसतात. मग हा आकडा मोजतो तरी काय? हा गुण वाढवता येतो का? आणि नवरा-बायकोच्या नात्यात त्याचं काय करायचं? 'दुसऱ्याचं ऐकून घ्या' हे सगळ्यांनाच माहीत असतं, त्यापुढचं काही सांगा.

पाऊलवाट:
कला-कल्पनांची ओढ आणि स्वतःचं मत तपासायची तयारी, अशा दोन गोष्टी एकाच शब्दात कोंबल्यामुळे हा घोळ होतो. कोस्टा आणि मॅक्रे या मानसशास्त्रज्ञांच्या १९९२ च्या निओ या व्यक्तिमत्त्व चाचणीत ओपननेसचे सहा पैलू आहेत: कल्पनेत रमणं, सौंदर्याची ओढ, स्वतःच्या भावनांची जाण, नवं करून बघणं, विचारांची आवड आणि स्वतःची मूल्यं तपासायची तयारी. प्रत्येकाला ८ विधानं, म्हणजे एकूण ४८. कविता-चित्रांत हरवून जाणाऱ्या माणसाचे पहिले तीन पैलू वर असतात आणि तेवढ्यावरच एकूण आकडा फुगतो. सहावा पैलू तळाला असला तरी बेरजेत तो दिसत नाही. म्हणून अहवाल हातात आला की एकूण गुण सोडा, पैलूवार गुण मागा. शिवाय उत्तरं माणूस स्वतःबद्दल स्वतःच देतो, हेही लक्षात असू द्या.

नोकरीपुरतं बोलायचं तर बॅरिक आणि माउंट यांनी १९९१ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. ओपननेसचा संबंध प्रशिक्षणात माणूस किती शिकतो याच्याशी दिसला. सगळ्या प्रकारच्या कामांत उपयोगी ठरली ती कामातली चोख वृत्ती. तेव्हा फक्त ओपननेस बघून माणूस निवडू नका.

वाढवता येतो का? काही अंशी. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, पण दगडावरची रेघ नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वयस्कर लोकांना १६ आठवडे तर्काचा सराव दिला, सोबत शब्दकोडी आणि अंककोडी. त्यांचा ओपननेस थोडा वाढला. मात्र 'मन मोकळं ठेवा' असा उपदेश तिथे कोणी केला नव्हता.

उलटतपासणी:
शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे, तेच पुढे नेतो.

वेसन या मानसशास्त्रज्ञाचा १९६० चा प्रयोग घरीही करता येतो. समोरच्याला सांगा, '२-४-६ हे तीन आकडे माझ्या मनातल्या नियमात बसतात. तुम्ही तीन-तीन आकडे सुचवा, मी हो किंवा नाही म्हणेन. खात्री झाली की नियम सांगा.' बहुतेक जण ८-१०-१२ म्हणतात, हो. २०-२२-२४, हो. मग ठामपणे सांगतात, 'दोन-दोनने वाढणारे!' चूक. नियम एवढाच की आकडे चढत्या क्रमाने हवेत. १-२-१७ विचारलं असतं तर अंदाज चुकल्याचा लगेच उलगडा झाला असता. आपला अंदाज मोडेल असा प्रश्न माणूस आपणहून विचारत नाही. हेका म्हणतात तो बऱ्याचदा इथेच तयार होतो, त्यात दुष्टपणा काही नसतो.

उपायाचीही तपासणी झालेली आहे. लॉर्ड, लेपर आणि प्रेस्टन यांनी १९८४ मध्ये एका गटाला फाशीच्या शिक्षेवरचे अभ्यास वाचताना निःपक्षपाती राहायला बजावलं. काही फरक पडला नाही. दुसऱ्या गटाला सांगितलं की प्रत्येक पायरीवर स्वतःला विचारा, 'याच पद्धतीने केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष उलटा आला असता, तर मी त्याला असंच जोखलं असतं का?' या गटाचा आपल्या आधीच्या मताकडे झुकायचा कल स्पष्ट कमी झाला.

हे कामात असं बसवा. निर्णयाच्या आधी प्रत्येकाने कागदावर दोन ओळी लिहायच्या: माझं मत काय, आणि काय दिसलं तर मी ते बदलेन. चर्चा त्यानंतर. साहेबांनी शेवटी बोलायचं, नाहीतर बाकीचे त्यांच्या मताभोवती फिरत राहतात. दुसरी ओळ मोजता येईल अशी हवी. 'परिस्थिती बदलली तर' हे लिहून उपयोग नाही. 'दोन महिन्यांत तक्रारी निम्म्यावर आल्या नाहीत तर' हे चालेल.

बिघडतं कुठे? विरोधी बाजू मांडायचं काम दर वेळी एकाच माणसावर टाकलं की तो बोलायला लागताच लोक कान बंद करतात. आळीपाळीने द्या.

निळीशाई:
कामाचं समजलं. पण घरी बायकोसमोर कागद घेऊन कोण बसणार?

साकव:
घरी कागद नको. तिथे दोन प्रश्न वेगळे ठेवता आले तरी खूप झालं: मला समजलं का, आणि मला पटलं का. भांडणात माणूस पहिला ओलांडून थेट दुसऱ्यावर जातो.

तिचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगा आणि थांबा. ती 'हो, हेच' म्हणाली की मगच आपलं मत. 'तसं नाही' म्हणाली तर पुन्हा. यात हमखास दोन चुका होतात. एक, 'म्हणजे तुझं म्हणणं असं की मी वाईट!' हे तिचं म्हणणं नव्हे, आपला बचाव आहे. दुसरी, वाक्याच्या शेवटी 'पण' जोडणं. 'हो, तू दमतेस, पण...' म्हटलं की आधीचं सगळं पुसलं जातं. 'का?' ऐवजी 'कसं?' विचारा. 'का केलंस?'वर सफाई मिळते, 'हे कसं झालं?'वर माहिती मिळते. छाती धडधडत असेल तर यातलं काहीच जमणार नाही. निदान २० मिनिटं थांबा, आणि परत कधी बोलायचं ते सांगूनच उठा.

एकाला नवं हवं आणि दुसऱ्याला ओळखीचं, ही ओढाताण कायमची असते. तिथे कोण मोकळ्या मनाचं यावर वाद घालू नका. नवी गोष्ट मुदत घालून करून बघा: किती दिवस, कशावरून जमलं म्हणायचं, कोणत्या तारखेला ठरवायचं. मुदत असली की नको म्हणणाऱ्यालाही होकार देणं सोपं जातं. मात्र त्या तारखेला खरोखर बसून बोला. ती एकदा टळली की पुढच्या वेळी 'करून तर बघू' या शब्दावर विश्वास उरत नाही.

आणि अपमान किंवा धमकी सहन करणं यात येत नाही. तिथे समजून घेण्याआधी स्वतःला सांभाळायचं.